गावाच्या सामूहिक जलविद्युत योजनेला मंजुरी कशी मिळवावी : नागपूर जिल्ह्यासाठी मार्गदर्शन

नागपूर जिल्ह्यात जलविद्युत म्हटले की पेंच नदीवरील तोतलाडोहचे १६० मेगावॅटचे वीजगृह आठवते, आणि एखाद्या गावाने दहा-वीस किलोवॅटची योजना स्वतः उभारावी ही कल्पना त्यापुढे किरकोळ वाटू लागते. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे लहानपणच सोयीचे आहे. केंद्र शासनाच्या वर्गीकरणात २५ मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प लघुजलविद्युत आणि १०० किलोवॅटपर्यंतचा सूक्ष्म जलविद्युत मानला जातो. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २५ मेगावॅटखालील जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सहमती खर्चाच्या ठरावीक मर्यादेवरील प्रकल्पांनाच घ्यावी लागते. आणि विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ७ मुळे वीजनिर्मितीसाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. त्यामुळे गावाची योजना अडते ती विजेपाशी नव्हे, पाण्यापाशी. म्हणून पहिला अर्ज कोणाकडे करायचा, हे पाणी कोणाच्या ताब्यात आहे यावरूनच ठरवावे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नदी, नाले आणि त्यांचे पात्र, कोणाची खासगी मालकी सिद्ध नसेल तर, शासनाचे असते. व्यवहारात हा ताबा निरनिराळ्या कार्यालयांकडे वाटलेला आहे. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव व बंधारे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, त्याहून मोठी पण ६०० हेक्टरपर्यंतची कामे मृद व जलसंधारण विभागाकडे असतात, आणि पेंचच्या उजव्या-डाव्या कालव्यासारखी मोठी व्यवस्था जलसंपदा विभागाच्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे असते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो क्वचितच पुढे पाठवला जातो, बहुतेक वेळा तो नुसता पडून राहतो. जागा माजी मालगुजारी तलावाची, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असलेल्या गावतलावाची, असेल तर आणखी एक कागद आधी पाहावा. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत गावाचे पाणी, चराई आणि वाट यांचे जुने हक्क नोंदलेले असतात. हे उतारे तहसील कार्यालयातून काढून घ्यावेत, कारण तलावावर मासेमारीचा ठेका असलेली मच्छीमार सहकारी संस्था आणि खालच्या बाजूचे धान उत्पादक यांचा आक्षेप आला तर त्याचे उत्तर त्याच कागदांच्या आधारे द्यावे लागते. मच्छीमार संस्थेची लेखी संमती आधीच घ्यावी. ती मागायला गावातल्या चार जाणत्या माणसांनी जावे, नुसते पत्र पाठवू नये.

जागा निवडताना आपल्या भागाचा पाऊस विसरू नये. जिल्ह्यात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नाल्यावर आधारलेली योजना त्यामुळे उरलेल्या आठ महिन्यांत बंद पडते. सातपुड्याच्या पायथ्याशी, रामटेक-पारशिवनीच्या उत्तरेला, उताराच्या चांगल्या जागा दिसतात, पण त्यांतील बराच भाग वनजमीन आहे किंवा पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या लगतचा आहे, आणि तिथली परवानगी हे वेगळे व लांबचे प्रकरण आहे. माझ्या मते पहिल्या योजनेसाठी कालव्यावरचा फॉल, म्हणजे कालव्याचा तळ एकदम खाली उतरतो ते ठिकाण, हीच सर्वांत योग्य जागा असते. तिथे पाणी आधीच खाली पडत असते, ते वाहण्याचे दिवस कागदावर नोंदलेले असतात, आणि नवा बांध घालावा लागत नाही.

मोजणी

प्रस्तावाची खरी ताकद मोजणीत असते. पाण्याच्या वरच्या आणि खालच्या पातळीतील फरक, ज्याला अभियंते शीर्ष किंवा हेड म्हणतात, तो सर्वेक्षकाकडून लेव्हलिंग यंत्राने मोजून घ्यावा. टेपने अंदाज घेऊन चालत नाही. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, मोजण्यासाठी कालव्याचा सरळ दहा मीटरचा भाग निवडावा, त्यावर तरंगती वस्तू सोडून तिला लागणारा वेळ किमान पाच वेळा नोंदवावा आणि सरासरी काढावी. पृष्ठभागाचा वेग तळापेक्षा जास्त असतो, म्हणून अस्तर केलेल्या कालव्यात आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणून मग पाण्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावे. वीज किलोवॅटमध्ये काढण्याचे सूत्र सोपे आहे: ९.८१ गुणिले विसर्ग (घनमीटर प्रति सेकंद) गुणिले शीर्ष (मीटर) गुणिले एकूण कार्यक्षमता. लहान यंत्रसंचाची एकूण कार्यक्षमता ५५ टक्के धरणे सावधपणाचे आहे. विसर्ग ०.८ घनमीटर आणि शीर्ष २.५ मीटर असेल तर साधारण १०.८ किलोवॅट मिळतात. कालवा वर्षात १५० दिवस चालत असेल तर ही ३८,८८० युनिट झाली. ३६५ दिवसांचा हिशेब मांडलेला प्रस्ताव अभियंत्याच्या हातात पडताच अविश्वासाचा होतो, आणि तो अविश्वास नंतर पुसता येत नाही.

कालवा किती दिवस आणि किती विसर्गाने चालला, याच्या मागील किमान दहा वर्षांच्या नोंदी उपविभागीय कार्यालयातून मागवाव्यात. तोंडी मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. चांगल्या वर्षांबरोबर वाईट वर्षेही प्रस्तावात दाखवावीत. मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारे पाणी घटले, आणि २०१९ मध्ये तोतलाडोहची पातळी मृतसाठ्यात गेल्यावर नागपूर शहराच्याच पाण्यात कपात करावी लागली. अशा वर्षी आपले यंत्र थांबेल, हे आपणहून लिहिलेले बरे.

अर्जदार कोण

ग्रामसभेचा ठराव आवश्यक आहे. परंतु अर्जदार म्हणून नोंदणीकृत संस्था असणे जास्त हिताचे ठरते. त्या कालव्यावर २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीच्या व्यवस्थापनाच्या कायद्याखालील पाणी वापर संस्था असेल तर तिला बरोबर घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. वीज वापरणाऱ्यांची मात्र वेगळी सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवावी, असे मी सुचवतो. त्यामागे एक ठोस कारण आहे. विद्युत नियम, २००५ च्या नियम ३ नुसार स्वतःच्या वापरासाठीची निर्मिती ठरण्यासाठी वापरकर्त्यांची मालकी किमान २६ टक्के आणि वर्षातील वापर किमान ५१ टक्के असावा लागतो, आणि नोंदणीकृत सहकारी संस्थेच्या बाबतीत या अटी सर्व सभासदांनी मिळून पूर्ण केल्या तरी चालतात. ग्रामसभेच्या ठरावात फॉलचे ठिकाण, संस्थेचे नाव आणि वीज कशासाठी वापरणार, म्हणजे पिठाची गिरणी, पथदिवे की नळयोजनेचा पंप, हे नेमके लिहावे. ‘योजनेस पाठिंबा आहे’ एवढाच ठराव कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

कार्यकारी अभियंत्याकडील प्रस्ताव

या टप्प्यावर थोडे थांबून विचार करावा, कारण बहुतेक योजना इथेच अडकतात. कार्यकारी अभियंत्यासमोर पहिला प्रश्न असतो तो हा, की रात्री दोन वाजता तुमचे यंत्र अचानक बंद पडले तर कालव्याच्या शेपटाच्या, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या धुऱ्यापर्यंत पाणी पोहोचणार की नाही. विजेचा भार एकाएकी सुटला की यंत्राचे दार बंद होते, वरच्या बाजूला पाणी तुंबते, पातळी पूर्ण पुरवठा पातळीच्या वर जाते आणि कालव्याचा भराव फुटू शकतो. याचे उत्तर माणसावर अवलंबून असू नये. मूळ फॉलला हात न लावता बाजूने वेगळी वाहिनी काढावी, आणि यंत्रापुढे एक आडवी भिंत अशा पातळीवर ठेवावी की यंत्र बंद होताच पाणी आपोआप तिच्यावरून जुन्या फॉलकडे वळेल. नकाशात या भिंतीची पातळी, पूर्ण पुरवठा पातळी, मोकळी उंची (पाण्याच्या वर काठापर्यंत उरणारी उंची) आणि यंत्रातून बाहेर पडलेले पाणी कालव्यात परत मिळते ती जागा, हे सर्व त्याच विभागाच्या तलचिन्हाशी, म्हणजे उंची मोजण्याच्या ठरलेल्या खुणेशी (बेंचमार्क), जोडून दाखवावे. आमचा पहिला प्रस्ताव परत आला तो याच कारणाने: आम्ही पातळ्या स्थानिक खुणेवरून घेतल्या होत्या, विभागाच्या तलचिन्हावरून नव्हे, आणि त्यामुळे त्या तपासताच येत नव्हत्या. चूक आमची होती आणि ती दुरुस्त करण्यात रब्बीची सगळी आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, निघून गेली.

प्रस्तावासोबत शपथपत्र द्यावे. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: योजना पाणी खर्च करीत नाही, फक्त त्याच्या पडण्याची उंची वापरते, आवर्तन कधी सोडायचे आणि कधी थांबवायचे हा निर्णय पूर्णपणे विभागाचा राहील, देखभालीसाठी कालवा बंद ठेवल्यास संस्था नुकसानभरपाई मागणार नाही, आणि करार संपल्यावर बांधकाम स्वखर्चाने काढले जाईल किंवा विभागाकडे सोपवले जाईल. राज्याने २००५ साली लघुजलविद्युतसाठी खासगी सहभागाचे धोरण जाहीर केलेले आहे, त्यामुळे आपला फॉल आधीच कोणाला देऊ केलेल्या स्थळांच्या यादीत आहे का, हे याच वेळी लेखी विचारून घ्यावे. जागा कालव्याऐवजी धरणाच्या विमोचकाजवळ, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या दाराजवळ, असेल तर धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ आड येऊ शकतो. १५ मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरणाला तो लागू आहे. अशा धरणाच्या शरीराला छिद्र पाडण्याचा विचार गावाने करू नये. नैसर्गिक नाल्यावर योजना असेल तर यंत्राकडे पाणी वळवताना मूळ पात्रात काही पाणी सोडावे लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये कोरड्या हंगामातील सरासरी प्रवाहाच्या किमान १५ टक्के पाणी नदीत राहावे असा निर्देश दिलेला आहे.

प्रत्येक अर्जाची पोहोच घ्यावी आणि आवक क्रमांक वहीत लिहून ठेवावा. त्रुटीचे पत्र आले की एकेका मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर द्यावे. नकाशांची तांत्रिक तपासणी नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्राध्यापकांसारख्या जाणकारांकडून करून घेतलेली असेल तर शाखा अभियंत्यालाही टिपणी लिहिणे सोपे जाते.

वनजमीन मध्ये आली तर वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) चा विचार करावा. शासनाने चालवलेल्या गावोपयोगी सुविधांसाठी, ज्यांत अपारंपरिक ऊर्जेचा स्रोत आणि विजेच्या तारा दोन्ही येतात, ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडांची तोड मंजूर होऊ शकते. मात्र योजना शासनाने चालवलेली असावी ही अट आहे, त्यामुळे केवळ सहकारी संस्थेच्या नावावर ही सवलत मागता येत नाही.

अनुदान गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये. महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या नागपूर विभागीय कार्यालयात जाऊन आज कोणती योजना चालू आहे हे लेखी घ्यावे, आणि तोवर वर्गणी व कर्ज एवढ्यावरच हिशेब मांडावा.

वीज सुरू करण्यापूर्वी

वीज फक्त गावातच वापरायची असेल तर प्रकरण सोपे आहे; महावितरणच्या जाळ्याशी जोडायची असेल तर अधीक्षक अभियंत्याकडे स्वतंत्र अर्ज, मीटर आणि संरक्षक यंत्रणेचा तपशील लागतो, आणि जाळ्यातील पुरवठा गेल्यावर आपली वीज तारेत जाणार नाही याची खात्री द्यावी लागते, कारण त्या तारेवर लाइनमन काम करीत असतो. सभासदांखेरीज गावातील इतरांना वीज पुरवायची असेल तर विद्युत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रासाठी परवान्याची सूट आहे. आपले गाव त्यात येते का, हे आधी पाहावे. दोन्ही प्रकारांत विद्युत निरीक्षकाची तपासणी होऊन लेखी परवानगी मिळाल्याशिवाय भार जोडू नये. भूसंपर्क जोडणी, म्हणजे अर्थिंग, आणि भार सुटल्यावर जास्तीची वीज जाळणारे नियंत्रक यंत्र, या दोन गोष्टी ते बारकाईने पाहतात.

परवानगी हातात आली की पुढच्या आवर्तनात, शाखा अभियंता आणि शेपटाचे चार शेतकरी यांच्यासमोर, पूर्ण भारावर चालणारे यंत्र मुद्दाम एकदम बंद करून दाखवावे. पाणी भिंतीवरून किती मिनिटांत वळले आणि वरच्या बाजूची पातळी किती सेंटिमीटर चढली, हे पट्टीवर वाचून पंचनाम्यात लिहावे, सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची एक प्रत उपविभागीय कार्यालयाच्या आवक विभागात जमा करावी.