पाच वर्षांची गोळी निभवायची कशी: स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या हार्मोन उपचाराचे त्रास

ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेकही घेऊन झाले, की घरच्यांना वाटतं सुटलो. मग हातात उरते रोजची एक छोटी गोळी, पाच वर्षांसाठी, कधी सात किंवा दहा वर्षांसाठी. इतक्या मोठ्या उपचारांनंतर ही गोळी किरकोळ वाटते. पण सगळ्यात जास्त बायका इथंच गळतात. अंगातून वाफा निघतात, सकाळी मूठ वळत नाही, झोप उडते. ‘कॅन्सरमधून वाचलो, आता एवढं तर चालायचंच’ म्हणत सोसलं जातं आणि एक दिवस कुणाला न सांगता स्ट्रिप कपाटात पडून राहते. माझ्या मते घातक आहे ते हे गुपचूप सोडणं. त्रासांवर बहुतेक वेळा काही ना काही करता येतं. फक्त ते डॉक्टरांच्या कानावर जायला हवं.

पायरी १: आपली गोळी कोणती ते बघा

स्ट्रिपवर कंपनीनं दिलेल्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही असतं. ते वाचा, वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या. टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम ही एक जात. लेट्रोझोल २.५, अॅनास्ट्रोझोल १ आणि एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम ही दुसरी. पाळी चालू असलेल्या बायकांना साधारण टॅमॉक्सिफेन देतात. काहींना बीजांडकोशांचं काम थांबवायला महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शनही असतं. पाळी गेलेल्यांना बहुतेक दुसऱ्या जातीतली गोळी मिळते.

हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं जातं. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनला गाठीच्या पेशीवर बसू देत नाही, पण गर्भाशयाच्या अस्तरावर स्वतःच थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतं. लेट्रोझोलची जात वेगळं काम करते. पाळी गेल्यावरही चरबीत आणि स्नायूंत थोडं इस्ट्रोजेन तयार होत असतं, ते बनणंच ती थांबवते. म्हणून पहिल्या गोळीत लक्ष गर्भाशयाकडं आणि रक्ताच्या गुठळ्यांकडं ठेवायचं, दुसरीत हाडांकडं आणि सांध्यांकडं. वाफा दोन्हीत येतात.

गोळीनं फायदा किती, हेही माहीत असावं. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर त्या वर्षांत आजार परतण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. पंधरा वर्षांचा हिशेब धरला तर या कॅन्सरनं मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशानं घटतो.

पायरी २: एक वही करा

शाळेची जुनी वही चालेल. तारीख, त्रास काय, किती वाजता, किती वेळ, आणि दहापैकी किती. फॉलोअपला डॉक्टर विचारतात, ‘बरं आहे का?’ आणि आपण सवयीनं म्हणतो, ‘बरं आहे.’ बाहेर पन्नास माणसं थांबलेली असतात. अशा वेळी ‘रात्री चार वेळा उठावं लागतं, महिनाभर झाला’ हे वाचून दाखवायला अर्धा मिनिट लागतं. डॉक्टरांनाही पकडायला काहीतरी मिळतं.

गोळीची वेळ एकच ठेवा. सकाळच्या चहाबरोबर किंवा रात्री जेवल्यावर, जी चुकणार नाही ती. एखादा दिवस राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या.

पायरी ३: वाफा आणि घाम

छातीतून एकदम ऊब वर चढते, तोंड लाल होतं, घाम फुटतो, मग थंडी वाजते. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरच्या उकाड्यात हे जास्तच अंगावर येतं. सुरुवातीचे काही महिने जोर असतो, पुढं बऱ्याच जणींचा कमी होतो.

आधी वहीतून कारण शोधा. कुणाला कडक गरम चहानं येतं, कुणाला तिखटानं, कुणाला दारूनं, कुणाला घाईगडबडीनं. तांबडा रस्सा आणि मिसळ कायमची सोडा असं मी मुळीच सांगणार नाही. कोल्हापुरात राहून ते पाळलं जाणार नाही आणि सगळ्यांना त्याची गरजही नसते. दोन आठवडे तिखट कमी करून बघा. फरक पडला नाही तर खुशाल खा.

सिंथेटिक साडी-गाऊनऐवजी सुती वापरा. एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ पांघरुणं बरी, एक पटकन बाजूला टाकता येतं. उशाशी पाण्याचा तांब्या आणि कोरडा गाऊन ठेवा. वाफ यायला लागली की श्वास हळू, पोटातून घ्या. याचा उपयोग प्रत्येकीला सारखा होत नाही, पण पैसे लागत नाहीत.

एवढ्यानं भागलं नाही तर औषधं आहेत. व्हेनलाफॅक्सिन कमी डोसात देतात, गॅबापेन्टिन रात्री देतात, ऑक्सिब्युटिनिनही वापरतात. व्हेनलाफॅक्सिन मुळात नैराश्याचं औषध आहे. मेडिकलवाला ‘हे डोक्याचं औषध आहे’ म्हणाला तर घाबरू नका, वाफांसाठीही ते देतात. मात्र टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन शक्यतो नको. यकृतात टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप तयार व्हावं लागतं आणि ही दोन्ही औषधं तिथंच आडवी येतात. झोपेसाठी किंवा मनासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं तर ‘मला टॅमॉक्सिफेन चालू आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या.

पायरी ४: सांधे

लेट्रोझोलच्या जातीतल्या गोळ्यांचा हा सगळ्यात चिवट त्रास. पहिल्या काही महिन्यांत सुरू होतो. सकाळी बोटं आखडलेली, गुडघे बोलतात, भाकरी थापताना मनगटातून कळ येते, एखादं बोट वाकून अडकतं. घरातली मोठी माणसं ‘वातच असणार’ म्हणतात आणि तेल चोळून विषय संपतो. तेल चोळायला हरकत नाही. पण दुखणं गोळीमुळं आहे हे कळलं नाही तर वर्षभर भलत्याच औषधांवर पैसे जातात.

यावर चांगला सिद्ध झालेला उपाय व्यायामाचा आहे, आणि नेमका तोच दुखण्यामुळं बंद पडतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी सांधे दुखणाऱ्या अशाच सुमारे एकशेवीस बायकांना दोन गटांत वाटलं. एका गटानं आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम केला. वर्षाअखेरी त्यांचं दुखणं सुमारे २९ टक्क्यांनी कमी झालं, दुसऱ्या गटाचं होतं तिथंच राहिलं. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. सकाळी रंकाळा तलावावर माणसांची वर्दळ असतेच, तिथं एक मैत्रीण गाठली की खाडा कमी होतो. शिवाजी विद्यापीठाचा परिसर जवळ असेल तर तोही छान. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं चाला आणि वाढवत न्या. वजनासाठी पाण्यानं भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या पुरतात. ज्या बाजूचं ऑपरेशन झालं त्या हातानं वजन किती आणि कसं वाढवायचं ते मात्र फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. हाताला सूज असेल तर नक्कीच.

उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून मुठी वळा-उघडा, मग कामाला लागा. दुखण्याच्या गोळ्या रोज मनानं खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात. ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेनंही असंच दुखतं.

तरीही भागत नसेल तर डॉक्टरांना थेट विचारा: ‘गोळी बदलून बघता येईल का?’ लेट्रोझोल न सोसणाऱ्या काही जणींना एक्झेमेस्टेन किंवा अॅनास्ट्रोझोल सोसतं, काहींना टॅमॉक्सिफेनवर नेतात. कधी डॉक्टर स्वतःच दोन-चार आठवडे गोळी थांबवतात, दुखणं ओसरतं का बघतात आणि मग दुसरी सुरू करतात. ड्युलॉक्सेटिन नावाचं औषधही काहींना लागू पडतं. सुट्टी आपण ठरवायची नाही, एवढं पाळा.

एक अपवाद लक्षात ठेवा. दुखणं दोन्ही हात-पायांत विखुरलेलं नसून कमरेत, पाठीत किंवा मांडीत एकाच जागी आहे, दिवसेंदिवस वाढतंय आणि रात्री झोपेतून उठवतंय, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पायरी ५: हाडं

पाळी गेल्यावर हाडं झिजतातच, लेट्रोझोलनं तो वेग वाढतो. गोळी सुरू करताना हाडांची घनता मोजणारा एक डेक्सा स्कॅन आणि नंतर दर एक-दोन वर्षांनी, अशी पद्धत आहे. शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून करतात ती तपासणी वेगळी, तिच्यावर निर्णय घेऊ नका.

कॅल्शियम दिवसाला साधारण हजार ते बाराशे मिलिग्रॅम लागतं. दोनशे मिलिलिटर दुधात जवळपास २४० मिलिग्रॅम असतं, शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात ३५० च्या आसपास. तिळाची चटणी आणि दही धरलं तर बरंचसं ताटातूनच भागतं, उरलेलं गोळीतून. कोल्हापुरात गंगावेशीत मिळणारं धारोष्ण दूध कितीही आवडत असलं तरी दूध उकळूनच प्या, उकळल्यानं कॅल्शियम जात नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्या, लोहाच्या गोळीपासून दूर. ड जीवनसत्त्वाचं साठ हजारचं पाकीट आठवड्याला घेतात. ते किती आठवडे घ्यायचं हे विचारा. ‘ताकद येते’ म्हणून वर्षभर खाणाऱ्या बायका आहेत, त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट त्रास होतो.

हाडं फार पातळ निघाली तर दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन देतात. त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडं जाऊन या. दात काढायचा असेल तर आधी काढून घ्या. इंजेक्शननंतर काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही.

पायरी ६: जे सासूसमोर बोलता येत नाही

योनीमार्ग कोरडा पडतो, जळजळ होते, संबंध दुखतात, वारंवार लघवीचं इन्फेक्शन होतं. हे त्या वहीतही कुणी लिहीत नाही. लिहा. नवऱ्यालाही सांगा, नाहीतर ‘हिला आता नकोच आहे’ असा त्याचा समज होतो आणि दोघं गप्प बसतात.

मेडिकलमध्ये योनीसाठीचं मॉइश्चरायझर मिळतं. ते आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत वा नसोत, नियमानं लावायचं असतं. संबंधांच्या वेळी पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट घ्या. खोबरेल तेलानं कंडोम फाटतो. हार्मोन असलेलं क्रीम कुणी सुचवलं तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, विशेषतः लेट्रोझोल चालू असताना.

तरुण बायकांसाठी: टॅमॉक्सिफेननं पाळी अनियमित झाली किंवा थांबली तरी दिवस राहू शकतात, आणि ही गोळी बाळाला घातक आहे. कंडोम किंवा कॉपर-टी वापरा, गर्भनिरोधक गोळ्या नकोत. मूल हवं असेल तर गोळी कधी थांबवायची याची योजना डॉक्टरांबरोबर आधीच करा.

केस विरळ होणं, वजन वाढणं, चिडचिड हेही होतं. पहिल्या दोन्हींवर जादू नाही. चिडचिड आणि रडू आठवडेच्या आठवडे टिकलं तर मात्र ते ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नका.

पायरी ७: काय दिसलं तर वाट बघायची नाही

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागते. किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर तडक इस्पितळात जा. टॅमॉक्सिफेननं रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. टाटा कॅन्सर हॉस्पिटलला तपासणीसाठी मुंबईचा रात्रभराचा प्रवास करणाऱ्यांनी मधेमधे उठून चालावं, पाणी पीत राहावं. कुठलंही मोठं ऑपरेशन ठरलं तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगावं.

पाळी गेल्यावर अंगावर रक्त गेलं, थेंबभर डाग दिसला तरी, त्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या हजार बायकांमागे वर्षाला दोनेक जणींना होतो, त्यातही बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्यांना. धोका लहान आहे, आणि लवकर सापडला तर चांगला बरा होतो.

पायरी ८: बाकीचं काय पोटात जातंय

शतावरी, सोयाचे अर्क, ‘बायकांसाठी’ म्हणून विकली जाणारी टॉनिकं यांत इस्ट्रोजेनसारखे घटक असू शकतात. ती बंद ठेवा किंवा विचारून घ्या. सोयाबीनची भाजी खाल्ली तर चालते. हळदीच्या कॅप्सूल टॅमॉक्सिफेनबरोबर नकोत, रक्तातलं औषध कमी होऊ शकतं. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी, तिच्यानं काही होत नाही.

पायरी ९: गोळी संपू देऊ नका

महाग पडते म्हणून गोळी सोडण्याआधी जनऔषधी केंद्रात औषधाचं मूळ नाव सांगून भाव विचारा. डॉक्टरांनाही जेनेरिक लिहून द्यायला सांगा. आणि पावसाळ्याचं बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. गगनबावड्याकडचा रस्ता तर पंचगंगा फुगली की बंद होतोच. नदीकाठच्या आणि डोंगराकडच्या बायकांनी जूनअखेर दीड-दोन महिन्यांच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असावा. फॉलोअपची तारीख पुरात हुकली तर ओपीडीला फोन करून नवी तारीख घ्या, आणि तोवर गोळी चालूच ठेवायची ना, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.