अमेरिकेत मुदतीआधी मतदान करताय? मत बाद करणाऱ्या या चुका टाळा

२००० साली फ्लोरिडा अवघ्या ५३७ मतांनी एका बाजूला झुकलं आणि त्यावर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरला. २०२० मध्ये अ‍ॅरिझोनातला फरक १०,४५७ मतांचा होता, जॉर्जियातला ११,७७९ मतांचा. इतक्या अटीतटीत टपालाने दिलेलं मत बाद होतं ते बहुधा पाकिटापायी: सही राहिली, सही जुळली नाही, पाकीट उशिरा पोहोचलं. मुदतीआधी, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधी, मत देण्याचा खरा फायदा हाच, की चूक झालीच तर ती निस्तरायला हातात दिवस उरतात. शेवटच्या दोन दिवसांत पाकीट टाकलं तर तो फायदा गेलाच.

नागरिकत्वाआधीच नाव नोंदवणं

ही चूक एका मतापुरती राहत नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी मत फक्त अमेरिकन नागरिकाला देता येतं. ग्रीन कार्ड असलं, वीस वर्षं कर भरला, तरी नाही. घोळ बहुतेकदा ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर होतो. अर्जात मतदार नोंदणीचा चौकोन असतो, आपण घाईत त्यावर खूण करून मोकळे होतो आणि नाव यादीत चढतं. त्या जोरावर मत दिलं तर तो गुन्हा आहे. नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो, देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. असं नाव चढलं असेल तर मतदान अजिबात करू नका आणि आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा.

दुसऱ्या राज्याचे नियम आपल्याला लावणं

भारतात लोकसभेसाठी एकच निवडणूक आयोग, एकच वेळापत्रक. अमेरिकेत नियम राज्याचे आणि अंमल काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली माहिती जॉर्जियातल्या अटलांटात निरुपयोगी ठरते. टेक्सासमध्ये टपाली मतपत्रिका कुणालाही मिळत नाही; वय ६५ किंवा जास्त, आजारपण, काउंटीबाहेर असणं अशी ठरावीक कारणं लागतात. जॉर्जियात आधीच्या दिवसांत काउंटीतल्या कुठल्याही मुदतपूर्व केंद्रावर मत देता येतं, पण निवडणुकीच्या दिवशी आपल्या नेमून दिलेल्या केंद्रावरच जावं लागतं. न्यू जर्सीत टपाली मतपत्रिका मागवली असेल, तर ती परत पाठवली नसली तरी केंद्रावर यंत्रावर मत देता येत नाही, तात्पुरती मतपत्रिका (प्रोव्हिजनल बॅलट, जी पात्रता तपासल्यावरच मोजतात) हातात पडते. पेनसिल्वेनियात मुदतीआधी मत द्यायचं म्हणजे काउंटी कार्यालयात टपाली मतपत्रिका मागायची, तिथेच भरायची आणि तिथेच जमा करायची. तिथे यंत्र शोधू नका.

पाकिटातल्या चुका

पेनसिल्वेनियात दोन पाकिटं येतात. मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालून ते बंद करायचं. त्यावर नाव, खूण, काहीही लिहायचं नाही. मग ते बाहेरच्या पाकिटात घालायचं आणि त्यावर सही व तारीख टाकायची. आतलं पाकीट वगळलं की मत बाद. तारीख सही केली त्या दिवसाची हवी. सवयीने जन्मतारीख लिहिणारे पुष्कळ असतात. या तारखेवरून वर्षानुवर्षं खटले चालू आहेत, पण त्या वादात आपलं मत कशाला अडकवायचं? तारीख नीट लिहून टाका.

विस्कॉन्सिनमध्ये पाकिटावर एका साक्षीदाराची सही आणि पत्ता लागतो. नॉर्थ कॅरोलायनात दोन साक्षीदार किंवा नोटरी, आणि फोटो ओळखपत्राची प्रत. घरात दोघांच्या मतपत्रिका एकाच टेबलावर भरत असाल तर एकाचं पूर्ण आटोपल्याशिवाय दुसरं पाकीट उघडू नका. नवऱ्याच्या पाकिटावर बायकोची सही झाली की दोन्ही मतं अडकतात.

आपल्या लोकांची खास अडचण सहीची. लायसन्सवर इंग्रजीत झरझर केलेली सही आणि पाकिटावर बँकेच्या सवयीने केलेली मराठी सही, हे जुळणार कसं? जिथे सही ताडून पाहतात, उदाहरणार्थ अ‍ॅरिझोना आणि नेवाडा, तिथे लायसन्स समोर ठेवा आणि त्याच वळणाची सही करा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल, किंवा वडिलांचं नाव एका कागदावर मधलं नाव म्हणून आणि दुसऱ्यावर नसेलच, तर मतदार नोंदणी आधी दुरुस्त करून घ्या.

मतपत्रिकेवरचं वर्तुळ सूचनेत सांगितलेल्या शाईने पूर्ण भरा. टिकमार्क नको. चुकलं तर खाडाखोड न करता काउंटीकडून नवी मतपत्रिका मागा.

टपालावर विसंबणं

पेनसिल्वेनियात पाकीट निवडणुकीच्या दिवशी रात्री ८ पर्यंत, जॉर्जिया आणि अ‍ॅरिझोनात संध्याकाळी ७ पर्यंत कार्यालयात पोहोचलेलं हवं. त्या दिवशीचा टपाल शिक्का असून चालत नाही. शिवाय शिक्का पेटीत टाकल्या दिवशीचाच पडेल असंही नाही. तो पुढच्या टपाल केंद्रावर नंतर पडू शकतो. म्हणून किमान एक आठवडा आधी पोस्टात टाका. त्याहून उशीर झाला तर ड्रॉप बॉक्स (मतपत्रिकांची पाकिटं टाकायची अधिकृत पेटी) किंवा थेट काउंटी कार्यालय. जॉर्जियात ड्रॉप बॉक्स मुदतपूर्व केंद्राच्या आत असतो आणि केंद्राच्या वेळेतच उघडा असतो. पेनसिल्वेनियात प्रत्येकाने आपलंच पाकीट नेऊन टाकायचं, घरच्यांचं नाही. अपंग मतदाराने लेखी नेमलेली व्यक्ती हा अपवाद.

पाठवल्यावर विसरून जाणं

काउंटीच्या किंवा राज्याच्या संकेतस्थळावर आपल्या मतपत्रिकेची स्थिती पाहता येते. ‘मिळाली’ आणि ‘स्वीकारली’ यांत फरक आहे. दुसरा शब्द दिसेपर्यंत पाहत राहा. पाकिटावर फोन नंबर लिहिला असेल तर सहीबद्दल कार्यालयातून फोन येऊ शकतो. अनोळखी नंबर म्हणून तो कापू नका. पेनसिल्वेनियात दुरुस्तीची सोय प्रत्येक काउंटीत सारखी नाही. पाकीट नाकारल्याचं कळलं तर निवडणुकीच्या दिवशी केंद्रावर जाऊन तात्पुरती मतपत्रिका मागा.

आईबाबांना एकटं पाठवणं

नागरिक झालेल्या आईबाबांना इंग्रजी वाचणं जड जात असेल, तर केंद्रशासनाच्या मतदान हक्क कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे ते मुलाला, सुनेला किंवा मैत्रिणीला मदतीला आत नेऊ शकतात. मालक किंवा कामगार संघटनेचा माणूस मात्र चालत नाही. केंद्रावरचा कर्मचारी अडवू लागला तर या कलमाचं नाव घ्या. काही ठिकाणी मदतनिसाला आत जाण्याआधी एक कागद भरून सही करावी लागते, म्हणून त्यानेही आपलं ओळखपत्र जवळ ठेवावं.