अद्भुतकथेसाठी नवे वंश घडवताय? या चुका टाळा

पहिल्या पानावर नकाशा आणि दुसऱ्या पानावर वंशांची यादी. अरण्यातले: उंच, सडसडीत, हिरव्या डोळ्यांचे, शांत. डोंगरातले: बुटके, दाढीवाले, तापट, सोन्याचे लोभी. दलदलीतले: काळे, कुरूप, क्रूर. ओळखीतल्या नवलेखकांचे फँटसीचे खर्डे मी वाचून देते, आणि ही यादी मला पुन्हा पुन्हा भेटते. ती दिसली की मी एकच प्रश्न विचारते: हे लोक रोज काय खातात आणि ते कुठून येतं? बहुतेक वेळा लेखक गप्प होतो, कारण डोळ्यांचा रंग ठरलेला असतो पण चूल अजून पेटलेली नसते.

यादीतून वंश उभा राहत नाही. एकच फरक निवडावा, मग तो शरीराचा असो, आयुष्याचा असो की जागेचा, आणि तो बाळंतपणापासून तिरडीपर्यंत सगळीकडे पोचू द्यावा. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका फरक अर्ध्या वाटेत सोडून दिल्यामुळे होतात.

पंख लावले आणि तिथेच थांबलो

ही चूक सर्वांत जास्त दिसते. माणसासारखं शरीर, पाठीवर दोन सुंदर पंख, की झाला वंश तयार. आता जरा खऱ्या पक्ष्यांकडे बघू. आज सर्वांत मोठा पंखविस्तार असलेला पक्षी म्हणजे भटका अल्बाट्रॉस. पंख साडेतीन मीटरपर्यंत पसरतात, पण वजन दहा किलोच्या आसपास. माणसाच्या वजनाचा उडणारा पक्षी पृथ्वीवर होऊन गेला आहे. लाखो वर्षांपूर्वी अर्जेंटिनात राहणाऱ्या अर्जेंटाविसचं वजन अभ्यासकांच्या अंदाजानुसार सत्तर किलोच्या घरात होतं आणि पंखविस्तार सहा-सात मीटर. एवढा जड पक्षी सपाट जमिनीवरून नुसते पंख मारून सहज उठू शकत नसावा. उतारावरून झेप घ्यायची आणि तापून वर चढणाऱ्या हवेवर तरंगायचं, हाच त्याचा मार्ग असणार.

सह्याद्रीत कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडं पाहिली असतील तर हे लगेच कळेल. ऊन तापेपर्यंत ती कड्यावर बसून असतात. हवा वर सरकू लागली की एकेक पक्षी झेपावतो आणि मग फारसे पंख न हलवता तासन् तास गिरक्या घेतो.

हा एक नियम तुमच्या पंखवाल्यांना लावून बघा. त्यांची गावं कड्याच्या काठावरच वसतील. व्यापारी भल्या पहाटे निघूच शकणार नाही, ऊन चढायची वाट बघेल. पावसाळ्याचे चार महिने ऊन नाही आणि पंख ओले, म्हणजे वस्ती जमिनीला खिळलेली. लग्नं, भांडणं, कर्जवसुली सगळं आभाळ मोकळं झाल्यावर. शत्रू हल्ला कधी करेल? ऐन आषाढात. गरोदर बाई शेवटचे महिने उडू शकत नसेल तर बाळंतपणाची गावं कड्याच्या पायथ्याशी असतील, आणि प्रत्येकाचा जन्म अशा ठिकाणी होईल जिथून त्याला स्वतःहून वर जाता येत नाही. मैदानात नेऊन सोडलेल्या कैद्याला बेडी लागणार नाही. पंख थकलेल्या म्हाताऱ्याला पाळण्यात घालून वर ओढायचं की खालीच ठेवायचं, यावर घराघरांत वाद होतील.

कथा इथे सुरू झाली. ‘जादूने उडतात’ हे उत्तरही चालतं, मात्र मग त्या जादूची किंमत सांगा आणि तिचाही असाच पाठलाग करा.

आकार बदलला, भूक तीच ठेवली

उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं आणि हाडांची जाडी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ, फक्त चौपट. गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात हे मांडलं आहे. म्हणून राक्षसी देहाचा माणूस आपल्यासारखाच सडपातळ राहू शकत नाही. त्याला खांबासारखे पाय लागतील. हाडांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न पोटाचा. महाभारतात एकचक्रा नगरी बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस देते. पाळी ठरलेली असते आणि प्रत्येक घराला ती भोगावी लागते. एका राक्षसाच्या भुकेभोवती अख्ख्या गावाचा कारभार कसा रचला जातो, हे त्या आख्यानात दिसतं. तुमच्या खर्ड्यात पाचशे महाकाय योद्धे डोंगरापलीकडे तळ ठोकून असतील तर त्यांच्या मागून येणारी धान्याची गाडी एकदा तरी दाखवा.

बुटक्या लोकांच्या बाबतीत खरा नमुनाच हाती आहे. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ नावाच्या गुहेत २००३ मध्ये जेमतेम एक मीटर उंचीच्या मानवाचे अवशेष सापडले. मेंदू आपल्या एक-तृतीयांशाहूनही लहान, तरी तिथे दगडी हत्यारं मिळाली. त्याच बेटावर हत्तीचा खुजा नातलग होता आणि सुमारे सहा फूट उंच करकोचाही होता. तुमच्यापेक्षा जवळपास दुप्पट उंच पक्षी पाणवठ्यावर उभा असेल तर तुम्ही मुलांना कोणती भीती घालाल? दाढी आणि कुऱ्हाड यांच्या पलीकडचा बुटका वंश या प्रश्नातून सुचू शकतो.

फरक डोळ्यांना दिसायलाच हवा असंही नाही. आग्नेय आशियातले बजाऊ लोक पिढ्यान् पिढ्या समुद्रात बुड्या मारून जगतात. त्यांची प्लीहा, म्हणजे श्वास रोखल्यावर प्राणवायूचं जादा रक्त पुरवणारा पोटातला अवयव, शेजारच्या, जमिनीवर राहणाऱ्या लोकांपेक्षा सुमारे दीडपट मोठी असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. जलचर वंशाला कल्ले आणि खवले चिकटवण्याआधी हे आठवावं.

आठशे वर्षं जगतात, पण वागतात पंचविशीतल्यासारखे

दीर्घायुषी वंश सगळ्यांना आवडतात. मलाही आवडतात. म्हणून त्यांची आबाळ झालेली बघवत नाही.

समजा, १२५० साली जन्मलेली अशी एक बाई आहे. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा ती चाळिशीची. आपल्याला शब्दकोश घेऊन वाचावी लागणारी ती भाषा तिच्या घरातली, चुलीपाशी बोलली जाणारी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, ते तिने डोळ्यांनी पाहिलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा ती पाचशे अडुसष्ट वर्षांची, अजून कामाधामाची. ती आज बोलायला लागली तर आपल्याला किती कळेल? की दर पिढीला ती भाषा नव्याने शिकते, आणि रागावली की जुनी बाहेर येते? एवढ्या एका तपशिलावर एक पात्र तगतं.

मग समाजाकडे या. अशी बाई दर वीस वर्षांनी एक मूल जन्माला घालत असेल आणि सातशे वर्षं ते शक्य असेल, तर तिला पस्तीस मुलं होतात आणि काही शतकांत जंगलात पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून मुलं दुर्मिळ ठेवावी लागतात. ती दुर्मिळ ठेवली की गावात एका वेळी एकच मूल असतं आणि त्याला सवंगडी नसतात. वारस पाचशे वर्षं वारसच राहतो, कारण गादी रिकामी होत नाही. माणसांच्या राज्याला दिलेलं कर्ज विसावी पिढी फेडते आहे आणि सावकार मात्र तोच, पहिल्या दिवशी कोण काय म्हणालं ते आठवणारा. माणसाला जो इतिहास वाटतो तो यांना वैयक्तिक अपमान वाटतो. हे झालं की ‘ते गंभीर आणि अलिप्त असतात’ असं वेगळं सांगावं लागत नाही.

अख्खा वंश दुष्ट

इथे मी थोडं कडक बोलणार आहे. ‘हा वंश जन्मतःच क्रूर आहे’ हे वाक्य लिहिणं सोपं आहे, कारण मग नायकाला कितीही मुडदे पाडता येतात. पण आपल्या मातीत हे वाक्य एकदा कायद्यात लिहिलं गेलं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण आपल्याकडच्या पारधी समाजातल्या माणसाला आजही संशयित म्हणून उचललं जातं. हे ठाऊक असणाऱ्या मराठी लेखकाने तीच कल्पना सहज म्हणून वापरू नये.

तसंच वर्णनाचं. काळा रंग, जाड ओठ, जंगल, ढोल, न कळणारी बोली असं एकापाठोपाठ लिहीत गेलात तर तुम्ही नवा वंश घडवत नाही, आदिवासींचं जुनं विकृत चित्र गिरवता. ‘असुर’ हा शब्द घेताना हेही लक्षात ठेवा की असुर नावाची जमात झारखंडमध्ये आज नांदते आहे. पिढ्यान् पिढ्या दगडातून लोखंड गाळणारे हे लोक महिषासुराला आपला पूर्वज मानतात.

आणि पुराणंही आपण समजतो तेवढी एकरंगी नाहीत. रामायणाच्या उत्तरकांडात सांगितलं आहे की ब्रह्मदेवाने पाण्याचं रक्षण करायला प्राणी निर्माण केले. ‘रक्षामः’ म्हणाले ते राक्षस झाले, ‘यक्षामः’ म्हणाले ते यक्ष. मूळ काम राखणीचं. रावण आणि कुबेर एकाच बापाची मुलं, एक राक्षसांचा राजा, दुसरा यक्षांचा. बिभीषण त्याच घरातला. हिडिंबेचा घटोत्कच पांडवांसाठी मरतो. तुमच्या दुष्ट वंशाला सुधारायचा सोपा उपाय असा: त्यांच्यातले दोघं असे घ्या ज्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, आणि मतभेद कशावरून आहे ते लिहा. रणनीतीवर नको, घराण्याच्या किंवा धर्माच्या एखाद्या खोल गोष्टीवर हवा.

शब्द निवडताना पाय घसरतो

ही अडचण खास आपली. ‘जात’ म्हटलं की आंब्याचीही होते आणि माणसाचीही, आणि दुसरा अर्थ वाचकाच्या मनात आधी येतो. ‘जमात’ म्हटलं की सरकारी दाखला आठवतो. मी ‘वंश’ वापरते, किंवा अजून बरं म्हणजे त्या लोकांचं नावच. ‘किन्नर’ हा शब्द मूळचा अश्वमुखी गायकांचा. अमरकोशात तो यक्ष, गंधर्व, विद्याधर यांच्या रांगेत देवयोनी म्हणून बसलेला आहे. आज मात्र तो तृतीयपंथी व्यक्तींसाठी वापरला जातो. जुन्या अर्थाने वापरायचा असेल तर पहिल्याच प्रसंगात घोड्याचं तोंड दिसू द्या.

एल्फ, ड्वार्फ, ऑर्क हे इंग्रजी फँटसीतले वंश तसेच देवनागरीत लिहिले तर वाचक तुमच्या जगात न येता आधी पाहिलेल्या सिनेमात जातो. आपल्याकडे साती आसरा आहेत, वेताळ आहे, गोव्यात गावाच्या सीमेवर फिरणारा राखणदार आहे. पण तेही सरसकट उचलू नका. राखणदाराला आजही नारळ आणि रोट दिला जातो. तो कुणाचा तरी जागता देव आहे, तुमच्या गोष्टीतला पहारेकरी नव्हे.

नावं अंदाजपंचे ठेवली

झ, क्ष, थ्र असे खडबडीत वर्ण एकत्र केले की परकं नाव होतं, हा समज सोडा. नावं नियमातून आली की एकाच लोकांची वाटतात. यासाठी पैठणची एक गोष्ट फार उपयोगी आहे. कथासरित्सागरात येतं की प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा मंत्री गुणाढ्य पैजेत हरला आणि त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. मग त्याने पिशाचांची भाषा शिकून तिच्यात बृहत्कथा लिहिली. राजाने ती भाषा ऐकून ग्रंथ झिडकारला. गुणाढ्याने पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान आगीत टाकलं आणि सात लाखांतले सहा लाख श्लोक जाळले. परक्यांची भाषा आणि तिच्याकडे बघणारा दरबार, दोन्ही एका गोष्टीत.

प्राकृत व्याकरणकारांनी या पैशाचीचे नियम नोंदवले आहेत. त्यातला मुख्य नियम असा की मृदू व्यंजनाचं कठोर होतं: गगनचं गकन, मेघचं मेख, राजाचं राचा. बस, एवढंच. हा नियम शब्दाच्या सुरुवातीलाही लावून पाहिला तर गोदावरीची कोतावरी होते, देवगिरीची तेवकिरी, भीमेची फीमा. नाव ओळखीचंही वाटतं आणि अंगावर काटाही येतो. तुमच्या वंशासाठी असे दोन नियम ठरवा. पंखवाल्यांना कड्यावरून हाक मारावी लागते, म्हणून त्यांची नावं लांब स्वरावर संपतील. खाणीत राहणाऱ्यांना प्रतिध्वनी नको असतो, म्हणून त्यांची तोडून बोललेली, आखूड.

दोन वंश भेटतात, पण काही घडत नाही

शेजारी राहणारे लोक लग्नं करतात, चोरून का होईना. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत मिळालेल्या हाडाच्या तुकड्यावरून २०१८ मध्ये कळलं की त्या मुलीची आई निअँडरथल होती आणि बाप डेनिसोव्हन, म्हणजे आता नामशेष झालेल्या दोन वेगळ्या मानवप्रकारांतले. सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीची पोर. तुमच्या जगात अशी मुलं होऊ शकतात का, आणि होत असतील तर त्यांचं बारसं कुणाच्या घरी होतं, हे नकाशा काढण्याआधी ठरवा.

खर्डा तपासताना मी शेवटी लेखकाला एक प्रसंग लिहायला सांगते. एकाच वंशाच्या दोन बायका, युद्ध नाही, भविष्यवाणी नाही, माणूस आसपास नाही. पंखवाल्यांच्या गावात श्रावण चालू आहे, पाऊस थांबत नाही. सुनेचे दिवस भरत आले आहेत आणि पायथ्याच्या बाळंतगावाची वाट दरडीने बंद झाली आहे. सासू म्हणते, कड्यावर जन्मलेलं मूल आमच्यात ठेवत नाहीत. सून म्हणते, मग मी कुठे जाऊ? या दोघींचं पुढचं बोलणं लेखकाला पानभर लिहिता आलं, तर मी वंशांची यादी त्याला परत देते आणि पुढचं प्रकरण मागते.