यूथ बिग बँडच्या ऑडिशनची तयारी: पेटीवाल्या आईकडून

न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या ज्या ज्या मराठी घरात सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट आहे, तिथून कधी ना कधी फोन येतो: "ताई, लेकाला यूथ जॅझ बँडमध्ये घालायचंय, काय करू?" माझी मुलगी बॅरिटोन सॅक्स वाजवते. मी स्वतः पेटीवाली, पण तालमींना गाडी हाकत आणि बँडचे फोल्डर लावत बरंच कानावर पडलंय. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आधी हे समजून घ्या की निवड खुर्च्या बघून होते. बिग बँडमध्ये साधारण १७ जण: पाच सॅक्सोफोन (दोन आल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन), चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम्स. आल्टो वाजवणारी हुशार पोरं पैशाला पासरी, आणि त्यांच्यासाठी खुर्च्या दोनच. बॅरिटोन सॅक्स आणि बास ट्रॉम्बोनवाले मात्र शोधावे लागतात. मुलगा नववीत असेल आणि आल्टोची रांग मोठी असेल, तर शाळेकडे बॅरिटोन मागून बघा. बोटं तीच, वाद्यही ई-फ्लॅटमधलंच. श्वास जास्त लागतो आणि गाडीची डिकी भरते, एवढंच.

दुसरं म्हणजे सोलोचं वेड. चौदा-पंधराव्या वर्षी पोरांना वाटतं की आपण दोन मिनिटं आग लावली की काम झालं. प्रत्यक्षात समोर बसलेला माणूस मनात विचारत असतो, 'हे पोर चार जणांच्या ओळीत बसवलं तर ओळ सुधारेल की बिघडेल?' एखादा लांब सूर घ्या. कागदावर चार ठोक्यांचा आहे. तो नेमका कुठे तोडायचा, चौथ्या ठोक्यावर की पुढच्या मात्रेच्या (इथे मात्रा म्हणजे बार, चार ठोक्यांचा गट) एकवर? ते लीड, म्हणजे त्या वाद्याच्या ओळीचा म्होरक्या, ठरवतो आणि बाकीचे त्याच्या श्वासाबरोबर तोडतात. म्हणून तर लीड आल्टो सॅक्सच्या रांगेत मधोमध बसतो, त्याच्या मागे लीड ट्रॉम्बोन, त्याच्या मागे लीड ट्रम्पेट. घरी याचा सराव असा: काउंट बेसी या जॅझ पियानोवाल्याच्या बँडचं एखादं रेकॉर्डिंग लावायचं, आपल्या सेक्शनची (वाद्याच्या गटाची) ओळ कानाने उचलायची आणि त्यावर वाजवायची. स्वर जुळणं सोपं असतं. सूर संपतो तिथे रेकॉर्डिंगच्या आधी किंवा नंतर आपला आवाज उरला, तर पुन्हा तेच करायचं. आमच्या घरी हे जेवणाच्या टेबलाशेजारी चालायचं आणि नवरा कान झाकून वरण वाढून घ्यायचा.

आता स्विंग, म्हणजे जॅझची डुलती लय. तबल्याच्या किंवा पेटीच्या घरात वाढलेल्या पोरांची इथे हमखास अडचण होते, कारण आपलं शरीर समेवर झुकतं. जॅझमध्ये चार ठोक्यांतलं वजन दोन आणि चारवर. मेट्रोनोम ६० वर ठेवा, पण त्याची टिक-टिक म्हणजे 'दोन' आणि 'चार' असं धरून मोजा. खरी लय १२० झाली. पहिला आठवडा वैताग येतो, टिक कधी एकवर सरकते कळतही नाही. तोवर वाद्य उचलायचंच नाही, नुसतं चालत तोंडाने म्हणायचं: डू-डॅ-डू-डॅ-डू-डिट. कागदावर आठव्या भागाचे (अर्ध्या ठोक्याचे) सूर सारखे दिसतात, वाजतात लांब-आखूड, आणि आखडलेल्या सुरावर जिभेचा हलका भार. लय वाढली की हा फरक कमी होत जातो. जलद चालीतही लंगडत वाजवलं की पोरगं पुस्तकातून शिकलंय हे लगेच कळतं.

आणि फक्त जलद चालीच तयार करू नका. नील हेफ्टीने बेसीसाठी लिहिलेली 'लिल डार्लिन' इतकी संथ आहे की दोन ठोक्यांमध्ये झोप काढावी. तिथे घाई करणारं पोर लपत नाही.

सोलोसाठी बहुतेक ठिकाणी बारा मात्रांचा ब्लूज मागतात, एफमध्ये किंवा बी-फ्लॅटमध्ये. हे स्वर कॉन्सर्ट पिचमधले, म्हणजे पियानोवरचे असतात, म्हणून आल्टो आणि बॅरिटोनला तोच ब्लूज डी किंवा जीमध्ये वाजवावा लागतो, टेनर आणि ट्रम्पेटला जी किंवा सीमध्ये. ट्रॉम्बोनवाले सुखी, त्यांना बदल नाही. ब्लूज स्केल वरखाली दामटण्यापेक्षा एक गोष्ट करून घ्या. एफमधल्या ब्लूजच्या चौथ्या मात्रेत कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) एफ-सेव्हन असतो, पाचवीत बी-फ्लॅट-सेव्हन होतो. पहिल्या कॉर्डमधला ए अर्धा स्वर उतरून ए-फ्लॅट होतो आणि ई-फ्लॅट अर्धा स्वर उतरून डी. पेटीवर वाजवून बघा, दोन बोटं एकेक घर खाली सरकतात आणि अख्खं घर फिरल्यासारखं वाटतं. त्या जागी नेमका तो सूर ठेवणारं पोर परीक्षकाला डोकं वर करायला लावतं. दोन आवर्तनं पुरे. तिसरं मागितलं तरच.

साइट-रीडिंगला समोर न पाहिलेला चार्ट (लिहिलेल्या सुरांचं पान) येतो आणि अर्धा मिनिट मिळतो. त्यात पहिल्या ओळीवर वेळ घालवायचा नाही. आधी स्केल, मग पुन्हा मागे कुठून जायचं आणि कोडा (शेवटाचा तुकडा) कुठे आहे, मग सगळ्यात काळी दिसणारी, सुरांची गर्दी असलेली मात्रा. ती मनात एकदा म्हणायची. वाजवताना सूर चुकला तर चुकू दे, थांबून दुरुस्त करायचं नाही. बँड तुमच्यासाठी थांबत नसतो. रोज एक नवं पान, दुसऱ्या दिवशी ते पान बाद.

गिटारवाल्या पोरांना मी फ्रेडी ग्रीन ऐकायला लावते. १९३७ पासून १९८७ मध्ये वारेपर्यंत बेसीच्या बँडमध्ये, मात्रेला चार ठोके, सोलो जवळजवळ नाहीतच. अँप कमी ठेवा आणि पियानो बोलत असेल तर गप्प बसा. ड्रमरने आधी राइड झांज आणि दोन-चारवरचा हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजांची जोडी) पक्का करावा.

ऐकायला काय, तर नेवार्कचं डब्ल्यूबीजीओ, ८८.३ एफएम, गाडीत कायम लावून ठेवा. बेसी इथलाच, १९०४ साली रेड बँकमध्ये जन्मलेला. मॅनहॅटनच्या जॅझ ॲट लिंकन सेंटरचा 'इसेन्शियली एलिंग्टन' उपक्रम शाळांच्या बँडना ड्यूक एलिंग्टनचे मूळ चार्ट फुकट देतो आणि त्यांची रेकॉर्डिंगही ठेवतो. मुलाच्या शाळेने नाव नोंदवलंय का, एवढं शिक्षकांना विचारा. आणि आजोबा म्हणाले, "हे आपलं नव्हे," तर त्यांना 'अलबेला' लावून द्या. १९५१ चा सिनेमा, संगीत सी. रामचंद्रांचं, आणि त्यात झालरीच्या शर्टात जो बँड दिसतो तो गोव्यातल्या आल्डोन्याच्या चिक चॉकलेट या ट्रम्पेटवाल्याचा. मुंबईच्या ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकन जॅझ बँड वाजून गेला होता, तेव्हा इथल्या एडिसन गावात आपली किराणा दुकानं कुठे होती?

व्हिडिओ मागितला असेल तर फोन आडवा, सात-आठ फुटांवर, बोटं आणि चेहरा दोन्ही दिसतील असा. एकाच टेकमध्ये. पंखा बंद, बाथरूममधली घुमणारी जागा नको. प्रत्यक्ष ऑडिशनला सॅक्सवाल्यांनी दोन जास्तीच्या रीड (तोंडाशी लावायच्या पातळ पट्ट्या), ट्रॉम्बोन-ट्रम्पेटवाल्यांनी म्यूट (आवाज दाबायचं झाकण), आणि सगळ्यांनी पेन्सिल. पेनने चार्टवर लिहिणारं पोर कोणत्याच दिग्दर्शकाला आवडत नाही. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसाठी प्लंजर म्यूट म्हणजे खरोखर सिंक तुंबल्यावर वापरतात तो रबरी वाडगा, दांडा काढलेला. हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणा, घरचा नको.

आई-बाबांसाठी वेगळं. तालमी बहुधा शनिवार-रविवारी असतात, म्हणजे मराठी शाळा, गणपती आणि गरबा यांच्याशी टक्कर ठरलेली. सीझन सुरू होतानाच दिग्दर्शकाला तारखा कळवा. शुक्रवारी रात्री "उद्या पूजा आहे" असा मेसेज गेला की पुढच्या वर्षी खुर्ची दुसऱ्याची. फी परवडत नसेल तर सरळ विचारा, अशा कार्यक्रमांत बऱ्याचदा मदतीची सोय असते आणि आपले लोक संकोचाने अर्जच करत नाहीत. आणि कार्यक्रमाला आलात तर टाळ्या दोन आणि चारवर द्या हो. एक-तीनवर वाजवलेल्या आमच्या रांगेकडे माझ्या मुलीने स्टेजवरून असं बघितलंय की बस्स.

नाव वेटिंग लिस्टमध्ये आलं तर रुसायचं नाही. त्याच दिवशी दोन ओळींचं मेल पाठवायचं की सब (बदली वादक) म्हणून कधीही यायला तयार आहे, आणि त्यांच्या मागच्या कार्यक्रमातल्या चाली विचारून घ्यायच्या. हिवाळ्यात कुणीतरी आजारी पडतंच. फोन आला की तीन तासांत निघावं लागतं, म्हणून काळा शर्ट आणि काळी पॅंट धुऊन एका हँगरवर लावून ठेवा, आणि बूट मापाचे आहेत ना तेही बघा. या वयात पाय दर चार महिन्यांनी वाढतात.