लोकप्रिय भारतीय इंग्रजी कादंबरीवर कामाचा अभिप्राय कसा लिहावा

चेतन भगत, अमीश त्रिपाठी, अनुजा चौहान यांच्यासारख्या लेखकांच्या पुस्तकांवर वाचकांचे अभिप्राय ढीगभर सापडतात, पण त्यातले बरेचसे दोनच साच्यांतले असतात. एक, 'हातातून खाली ठेववत नाही'. दुसरा, 'याला साहित्य म्हणायचं का?' पुस्तक घ्यावं की नाही या विचारात असलेल्याला दोन्हींचा उपयोग शून्य. त्याला कळायला हवं ते इतकंच: हे पुस्तक काय द्यायला निघालं होतं, ते दिलं का, आणि कोणत्या वाचकाला ते रुचेल.

म्हणून वाचायला बसण्याआधी मलपृष्ठावरचा मजकूर वाचा आणि पुस्तकाचं आश्वासन एका ओळीत लिहून ठेवा. 'कॉलेजची धमाल', 'पुराणातल्या नायकाचं साहस', 'आंतरप्रांतीय लग्नाचा गोंधळ', असं काहीही. पुढचं सगळं मोजमाप या ओळीवर करायचं. धमाल कबूल करणाऱ्या पुस्तकात तत्त्वचिंतन नाही, ही तक्रारच होऊ शकत नाही. धमाल नसेल तर मात्र जरूर करा.

अडीच-तीनशे पानांच्या कादंबरीत तीनदा थांबा: पन्नासाव्या पानाच्या आसपास, मध्यावर आणि शेवटी. हसू कुठे आलं, पानं कुठे नुसती चाळली, विश्वास कुठे बसला नाही, ते पृष्ठक्रमांकासह पेन्सिलीने टिपा. दहा-बारा टिपणं पुरतात. ही कटकट वाटेल, पण टिपणं नसली की शेवट सगळ्यावर पाणी फिरवतो. शेवटची वीस पानं फसली की आधीची दोनशे चांगली पानं आठवत नाहीत, आणि शेवट रडवून गेला की मधला रटाळ भाग माफ होतो.

सर्वाधिक गफलत भाषेबाबत होते. 'इंग्रजी फार सोपं आहे' हे वर्णन झालं, दोष नव्हे. सोपी भाषा, ढिसाळ भाषा आणि मिश्र भाषा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चेतन भगत यांच्या 'फाइव्ह पॉइंट समवन'चा (२००४) निवेदक आयआयटीतला विद्यार्थी आहे. तो अलंकारिक इंग्रजीत बोलू लागला असता तरच विचित्र वाटलं असतं. शिवाय मराठी माध्यमातून शिकून पहिल्यांदाच इंग्रजी कादंबरी उघडणाऱ्याला सोपेपणा हा सरळसरळ गुण आहे. तसं असेल तर 'इंग्रजी वाचनाची सुरुवात करणाऱ्याला झेपेल' असं स्पष्ट लिहा.

ढिसाळपणा ओळखायला संवादांचं एक पान घ्या, 'तो म्हणाला, ती म्हणाली' झाकून वाचा. कोण बोलतंय ते कळेनासं झालं, वडील, मैत्रीण आणि बॉस एकाच सुरात बोलत असले, तर पात्रं घडलेली नाहीत. विनोद करून लगेच तो समजावून सांगणं हेही त्यातलंच. मिश्र भाषेसाठी कसोटी निराळी. अनुजा चौहान यांच्या 'द झोया फॅक्टर'मध्ये (२००८) हिंदी शब्द सढळ हाताने येतात. अशा ठिकाणी हिंदी शब्दाच्या जागी इंग्रजी घालून पाहा. गंमत मेली, तर शब्द जागेवरच होता. काहीच बदललं नाही, तर ती नुसती सजावट. छपाईच्या चुका या तिन्हींत मोडत नाहीत. त्या सांगताना आवृत्ती नोंदवा, कारण पुढच्या आवृत्तीत त्या सुधारलेल्या असू शकतात.

पौराणिक कादंबऱ्यांवर ठरलेला आक्षेप म्हणजे 'पुराणात असं नाही'. अमीश यांच्या 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'त (२०१०) शिव हा तिबेटमधून आलेला हाडामांसाचा माणूस आहे. पुराणाशी ताळा जमवण्याचा करार पुस्तकाने केलेलाच नाही. विचारायचं ते हे, की लेखकाने स्वतः आखलेले नियम पाळले का? सोमरसामुळे आयुष्य वाढतं असं एकदा मांडलं, तर त्याचे परिणाम त्या जगात दिसतात का? दोघांनाही ठाऊक असलेली माहिती पात्रं केवळ वाचकासाठी एकमेकांना ऐकवत बसतात का? प्राचीन पात्रांच्या तोंडी आजची बोली एकाला मोकळी वाटते, दुसऱ्याचा रसभंग करते. तिथे निकाल देऊ नका, एक वाक्य उदाहरण म्हणून द्या आणि आपली आवड सांगा. मालिकेतला पहिला भाग अर्ध्यावर सोडतो की पुरा होतो, एवढं मात्र न विसरता लिहा.

प्रेमकथेत निवेदकाचं मत आणि लेखकाचं मत यांची गल्लत टाळा. चेतन भगत यांच्याच '२ स्टेट्स'ची (२००९) कथा नायक क्रिश सांगतो, त्यामुळे नायिका अनन्या आपल्याला त्याच्याच नजरेतून दिसते. त्याच्या शेरेबाजीला पुस्तकात कोणी टोकतं का, नायिका कथेला वळण देणारा एखादा निर्णय स्वतः घेते का, हे तपासा आणि मगच 'बायकांचं चित्रण उथळ' असं लिहा.

चित्रपट आधी पाहिला असेल तर आणखी सावधपणा हवा. '३ इडियट्स' हा चित्रपट 'फाइव्ह पॉइंट समवन'वर बेतलेला, पण त्यातला रँचोचा शोध पुस्तकात नाहीच. आठवणीवर विसंबून लिहिलं की पडद्यावरचे प्रसंग पुस्तकाच्या खात्यात जमा होतात.

लिहिताना दोनशे ते तीनशे शब्द पुष्कळ झाले. पहिल्या दोन ओळींत हे पुस्तक कोणासाठी, ते सांगा. कथानक पहिल्या चतुर्थांशापलीकडे नेऊ नका. मग उरलेली जागा गुणदोषांना द्या, प्रत्येकाला टिपणातला एखादा प्रसंग जोडून. शेवट उघड केल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल, तर तशी सूचना आधी द्या.

तारे देताना त्या संकेतस्थळाची मोजपट्टी पाहा. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर दोन म्हणजे 'ठीक' आणि तीन म्हणजे 'आवडलं'. खरेदीच्या संकेतस्थळांवर मात्र लोक तीन तारे नाराजी म्हणून वाचतात. फाटकं मुखपृष्ठ, उशिरा आलेलं पार्सल, पुसट छपाईची चोरटी प्रत या विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारी आहेत. त्यासाठी कादंबरीचे तारे कापणं हा लेखकावर अन्याय. प्रत फुकट मिळाली असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगा. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे, पण ते नसतं तरी वाचकाला हे कळायलाच हवं. 'खरेदी पडताळलेली' ही खूणही पुस्तक विकत घेतल्याची असते, वाचल्याची नव्हे.

आणि पुस्तक अर्ध्यावर सोडलं असेल तर लपवू नका. कितव्या पानावर सोडलं, कशामुळे सोडलं ते लिहा आणि शक्य तिथे ताऱ्यांची जागा रिकामी ठेवा.