विकत घेतलेले जुने रेल्वे सिम्युलेशन मोफत झाल्यावर काय करावे

एके काळी पैसे मोजून घेतलेले रेल्वे सिम्युलेशन निर्मात्याने पुढे मोफत केले, की जुन्या ग्राहकाला थोडी हळहळ वाटते. पैसे परत मिळण्याची आशा सहसा धरू नये. खरेदी अगदी काही दिवसांपूर्वीची असेल, तर विक्रेत्याला एकदा जरूर विचारावे. खरी काळजी घ्यायची ती जुन्या प्रतीची, कारण तुम्ही रात्री जागून बांधलेले मार्ग आणि आखलेली वेळापत्रके तिच्यातच असतात, मोफत प्रतीत नसतात.

सर्वांत आधी नेमके काय मोफत झाले आहे, हे हक्कधारकाच्या स्वतःच्या घोषणेतून पाहावे. मायक्रोप्रोझचा १९९० सालचा 'रेलरोड टायकून' २००६ मध्ये त्या वेळच्या हक्कधारकांनी नव्या खेळाच्या प्रसिद्धीसाठी मोफत डाउनलोडला ठेवला होता. म्हणजे किंमत गेली, मालकी नाही. 'ओपन रेल्स'ची गोष्ट वेगळी आहे. हे मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर २००१ सालच्या 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर'चे मार्ग आणि इंजिने वाचू शकते, पण त्यामुळे तो मूळ सिम्युलेटर मोफत ठरत नाही. आणि एखादे सॉफ्टवेअर नुसते विक्रीतून गेले असेल, तर ते 'आता कुणाचेच नाही' असे मानणे सरळ चूक आहे.

त्यानंतर, नवे काहीही इन्स्टॉल करण्यापूर्वी, जुन्याचा बॅकअप घ्यावा. येथे बहुतेक जण एका जागी फसतात. प्रोग्राम फाइल्समध्ये असलेले जुने सॉफ्टवेअर आपल्याच फोल्डरमध्ये काही लिहू पाहते, तेव्हा व्हिस्टापासून पुढचे विंडोज पुष्कळदा ते लिखाण गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरकडे वळवते. हा फोल्डर वापरकर्त्याच्या ॲपडेटामधील लोकल या उपफोल्डरात असतो आणि ॲपडेटा सहसा लपवलेला असल्यामुळे तो पाहण्यासाठी लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय आधी सुरू करावा लागतो. मूळ फोल्डर तेवढा कॉपी केला, तर बदललेले सिग्नल आणि जतन केलेल्या फेऱ्या मागे राहतात. म्हणून दोन्ही ठिकाणच्या फाइली वेगवेगळ्या नावांनी ठेवाव्यात. सिरियल की आणि खरेदीची पावतीही त्यांच्यासोबतच ठेवावी.

आता मोफत प्रत जुन्या प्रतीवर न चढवता, प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर स्वतंत्र फोल्डर करून त्यात इन्स्टॉल करावी. इन्स्टॉलर १६-बिटी, म्हणजे फार जुन्या विंडोजसाठी बनवलेला असेल, तर तो ६४-बिटी विंडोजवर सहसा चालत नाही. कम्पॅटिबिलिटीचे (जुन्या विंडोजसारखे चालवण्याचे) पर्याय कितीही बदलून पाहिले तरी त्याने फरक पडत नाही. सेफडिस्क हे नकलेविरुद्धचे संरक्षण असलेली मूळ सीडी विंडोज १० वर सहसा अडते, आणि अशा वेळी अधिकृत मोफत प्रतीत ते संरक्षण काढलेले असेल, तर पैसे भरलेल्या ग्राहकालाही तीच अधिक सोयीची पडते.

डॉसच्या, म्हणजे विंडोजपूर्वीच्या प्रणालीच्या काळातील खेळासाठी डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम लागतो. त्यात खेळाचा फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडावा आणि मग खेळ सुरू करावा. गाड्या अवाच्या सवा वेगाने धावू लागल्या, तर कंट्रोल दाबून एफ-११ ने वेग कमी करावा, रखडू लागल्या तर एफ-१२ ने वाढवावा.

शेवटी जुने मार्ग नव्या प्रतीत एकेक करून आणावेत आणि प्रत्येक मार्गावर एक छोटी फेरी चालवून पाहावी. सगळे एकदम ओतले, तर नेमक्या कोणत्या फाइलमुळे सिम्युलेशन बंद पडते, ते शोधणे फार जिकिरीचे होते. वेगळे पैसे देऊन घेतलेले ॲड-ऑन मात्र त्यांच्या निर्मात्यांचेच राहतात. मूळ सॉफ्टवेअर मोफत झाले, म्हणून ते मित्रांना वाटता येत नाहीत. जुनी प्रत काढून टाकायची ती सर्व मार्ग नव्या प्रतीत सुरळीत चालल्यानंतरच.