शेंडा नको, बुंधा बघा: बालीच्या जातिलुविह गावाकडून भातकऱ्यांसाठी

भाद्रपद लागला की आभाळ भरलेलं, मध्येच कडक ऊन, खाचरात तुंबलेलं पाणी आणि युरियाने गडद हिरवं झालेलं भात. तपकिरी तुडतुड्याला यापेक्षा सोयीचे दिवस नसतात. म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवा. आजच शेतात उतरा, वाका, चूड (भाताचा एकेक झुपका) दोन्ही हातांनी फाकवा आणि पाण्याच्या वर चार बोटं बुंधा बघा.

बांधावरून बघणं हे बघणं नव्हे. कोकणात आणि पूर्व विदर्भात भात जळतं ते बहुतेक वेळा याच हयगयीने. माणूस बांधावर येतो, शेंडे हिरवेगार दिसतात, समाधानाने घरी जातो. कीड मात्र खाली सावलीत रस शोषत असते. मध्येच कुठेतरी गोल पिवळा चट्टा दिसतो, तो दोन-चार दिवसांत तांबूस होऊन पसरतो, मग धावपळ सुरू होते. चट्टा दिसला तेव्हा एक पिढी पोट भरून पुढच्या पिढीची अंडी घालून झालेली असते.

याच किडीने इंडोनेशिया रडकुंडीला आला होता, म्हणून तिथल्या एका गावाची गोष्ट सांगतो. बाली बेटावर, ताबानान जिल्ह्यात, बातुकारू डोंगराच्या पायथ्याशी समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर जातिलुविह आहे. डोंगर उतरत येणारी पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, सुमारे ३०० हेक्टर. २०१२ साली युनेस्कोने बालीच्या पाणीवाटपाच्या पद्धतीला जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे गावही आलं. आता तिथे तिकीट काढून पर्यटक येतात आणि फोटो काढून जातात. आपल्या कामाचं त्या फोटोत काही नाही.

कामाचं आहे ते सुबाक. एका पाटावर भिजणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांचा हा संघ. त्याचा प्रमुख पेकासेह, लेखी नियमावलीला म्हणतात आविग-आविग. पाणी कधी सोडायचं, कोणत्या पट्ट्यात लावणी कधी, शेत रिकामं कधी ठेवायचं, हे बैठकीत ठरतं आणि मोडणाऱ्याला दंड होतो. पाटाच्या वाटेवर पाण्याची देवळं आहेत, वेळापत्रक त्यांच्या पूजेशी बांधलेलं. लांब मुदतीचं उंच लाल भात या गावाची ओळख आहे. उंच देशी वाणाला युरिया सोसत नाही, लोळतं, त्यामुळे हात आपोआप आखडता राहतो.

सगळ्यांची लावणी एकाच वेळी, कापणी एकाच वेळी आणि मग सगळं शिवार एकदम रिकामं. तुडतुड्याला खायला काही उरत नाही. कापणीनंतर बदकांचे थवे सोडतात, ते उरलेसुरले किडे आणि सांडलेले दाणे टिपतात.

१९७० च्या दशकात सरकारी अधिकाऱ्यांनी बालीत सांगितलं की सुबाकचं वेळापत्रक सोडा, नवे बुटके वाण घ्या, जमेल तितक्या वेळा भात लावा. प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावलं. बाराही महिने कुठे ना कुठे कोवळं भात, पाण्याची ओढाताण आणि किडीला कायमची पंगत. शेवटी शेतकरीच जुन्या वेळापत्रकाकडे परतले.

जावा बेटावर तर हाहाकार झाला. कीटकनाशकांवर सरकारचं अनुदान इतकं होतं की शेतकऱ्याला ती जवळपास फुकट पडत. १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि १९८५-८६ मध्ये तुडतुड्याने पुन्हा शेतं जाळली. कारण फवारणीने तुडतुडे खाणारे कोळी मेले, तुडतुड्याची अंडी शोषणारे हिरवे मिरिड ढेकूण मेले, पण पानाच्या आवरणात घातलेली अंडी वाचली. नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली, पुढे अनुदानही काढून टाकलं. भाताचं उत्पादन घटलं नाही.

मग १९८९ पासून तिथे शेतकऱ्यांच्या शाळा भरू लागल्या. आठवड्यातून एकदा सगळे खाचरात उतरायचे, चूड फाकवून तुडतुडे किती, कोळी किती मोजायचे, कागदावर चित्र काढायचे आणि मग फवारायचं की नाही ते ठरवायचे. आपला कृषी विभाग शेतीशाळा घेतो तिचं मूळ हेच. आपल्याकडे मात्र सह्या होतात, चहा होतो, चूड कुणी फाकवत नाही.

तेव्हा आता असं करा. शेतात तिरपं चालत जा, मध्यभागापर्यंत, कडेकडेने नव्हे. चट्टा मध्येच सुरू होतो. वीस चूड बघा. चूड हलवून पाण्यात काय पडतं तेही बघा. सरासरी ५ ते १० तुडतुडे प्रति चूड ही अधिकृत नुकसानीची पातळी आहे, म्हणजे ती ओलांडली तर औषध. माझा स्वतःचा अंदाज वेगळा: प्रत्येक चुडात एखादा तरी कोळी पळताना दिसला, तर पातळीच्या जवळ असलात तरी तीन दिवस थांबून पुन्हा मोजा. कोळी नाहीत आणि तुडतुडे आहेत, तर थांबू नका. आणखी एक खूण, कुठल्या पुस्तकातली नाही: संध्याकाळी अंगणातल्या दिव्याखाली बारीक तपकिरी किडे साचू लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी खाचरात असलंच पाहिजे.

बाकीची कामं:
- पाणी बाहेर काढा, तीन-चार दिवस शेत कोरडं ठेवा, पुन्हा भरा
- युरियाचा उरलेला हप्ता थांबवा
- बांधावरचं गवत काढा
- दाट लावलं असेल तर दर २ ते ३ मीटरवर चुडं बाजूला सारून हवेला वाट द्या
- पुढच्या वर्षी लावतानाच तेवढ्या अंतरावर ३० सेंटिमीटरचा पट्टा सोडा

पाणी काढण्याचं काम एकट्याने होत नाही, वरच्याचं पाणी खालच्याच्या शेतात येतं. आपल्याकडे पेकासेह नाही, म्हणून पाटावरच्या चार घरांनी आज रात्री बसून ठरवा. फुकटचा उपाय आहे, आणि तोच सगळ्यांत जास्त टाळला जातो.

दुकानात गेलात की काउंटरवर तीन बाटल्या एकत्र बांधून मिळतील: एक कीटकनाशक, एक टॉनिक, एक ‘हिरवेपणा वाढवणारं’. टॉनिक परत ठेवा. हिरवेपणा तर आधीच जास्त झालाय. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असलेलं काही देत असेल तर हातही लावू नका. आज किडे पडलेले दिसतात, कोळी संपतात आणि तुडतुडे आधीपेक्षा जास्त येतात. जावामध्ये घडलं ते हेच, औषधांची नावं तेवढी वेगळी.

पातळी ओलांडलीच असेल तर यांपैकी एकच घ्या, १० लिटर पाण्यास:
- बुप्रोफेझिन २५ टक्के एससी, १६ मिली (हेक्टरी ८०० मिली)
- पायमेट्रोझिन ५० टक्के डब्ल्यूजी, ६ ग्रॅम (हेक्टरी ३०० ग्रॅम)

कीड थोडी असेल आणि हवा दमट, तर मेटारायझियम (किडीला मारणारी बुरशी) हेक्टरी २.५ किलो, संध्याकाळी. पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप वापरत असाल तर पाणी कमी लागतं. हेक्टरी मात्रा तीच धरा.

बुप्रोफेझिन पिल्लांना कात टाकू देत नाही, मोठे किडे त्याने लगेच मरत नाहीत. दोन दिवसांत ‘लागू पडलं नाही’ म्हणून दुकानदाराचं दुसरं महागडं औषध ओतू नका. आठवड्याने चूड फाकवून मोजा.

आणि फवारा बुंध्यावर. नोझल खाली, चुडांच्या मध्ये घाला. पानांवर धुरळा उडवत बांधाबांधाने चालत गेलात तर औषध शेंड्यावर, कीड बुंध्याशी आणि पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात.

या दोन्ही औषधांनंतर कापणीपर्यंत साधारण २० दिवस जाऊ द्यावे लागतात. कापणी २० ऑक्टोबरची धरली असेल तर ३० सप्टेंबरनंतर यांना हात नाही. तेव्हा तुडतुडे दिसले तर पाणी काढा आणि जो पट्टा पिकलाय तो आधी कापून घ्या.